किंग क्रिमसनचा ‘लार्क्स टंग्ज इन ऍस्पिक’: मिरवणूक आणि बैठक यांच्यामधले संगीत

किंग क्रिमसन या इंग्रज प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदाचा ‘लार्क्स टंग्ज इन ऍस्पिक’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये निघाला. पुढे २०१२ मध्ये, चाळिसाव्या वर्षाचे निमित्त साधून, संगीतकार स्टीव्हन विल्सन आणि वाद्यवृंदाचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी मूळ ध्वनिफितींवरून त्याचे नव्याने मिश्रण केले आणि सीडी व डीव्हीडी-ऑडिओ अशी जोडी प्रसिद्ध झाली. या लेखात परीक्षण आहे ते या जोडीचे. बेळगावात ती दुकानात मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही, कारण इथली कॅसेटची दुकाने मोबाइलची दुकाने होऊन बरीच वर्षे लोटली. ती बाहेरूनच मागवावी लागते. मागवावी का, हा खरा प्रश्न आहे.

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, म्हटले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. जुन्या गाण्यावर वाढलेले लोक त्याला गोंगाट म्हणतात, आणि कॉलेजातली मेटल ऐकणारी मुले त्याला डोकेबाज म्हणून मान डोलावतात, पण सहसा दहा मिनिटांच्या पुढे ऐकत नाहीत. या अल्बमच्या बाबतीत दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या जागी लागतात असे माझे मत आहे. त्यातला अवघड भाग ताल नव्हे आणि स्वरांचा कर्कशपणाही नव्हे. अवघड आहे ती आवाजाची लहान-मोठी होण्याची रीत. जवळजवळ ऐकू न येणाऱ्या नादापासून कानठळ्या बसवणाऱ्या आघातापर्यंतचे अंतर हे वादक सावकाश चालत जातात, मध्ये घाई करत नाहीत आणि श्रोत्यालाही करू देत नाहीत. ज्या गावात माणूस हिवाळ्यात विलंबित ख्यालाच्या बैठकीला मांडी घालून बसतो आणि अनंत चतुर्दशीला कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्या झांजपथकामागे रात्रभर चालतो, त्या गावातल्या कानांना हे अंतर परके वाटण्याचे कारण नाही.

वाद्यवृंदाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये पहिला अल्बम काढणाऱ्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये टोकियोत शेवटचा कार्यक्रम करणाऱ्या किंग क्रिमसनमध्ये, मधले मोठे खंड धरूनही, अखेरपर्यंत राहिलेला वादक एकच, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. बाकीचे संच येत गेले आणि मोडत गेले. १९७२ मध्ये आधीचा संच मोडल्यावर फ्रिपने चार नवे लोक गोळा केले: बास वाजवणारा आणि गाणारा जॉन वेटन, व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस, येस हा ऐन भरात असलेला वाद्यवृंद सोडून आलेला ड्रमर बिल ब्रुफर्ड, आणि तालवाद्ये वाजवणारा जेमी म्यूर. रॉक गिटारवादक हेंड्रिक्सने स्ट्राविन्स्की किंवा बार्टोक हे विसाव्या शतकातले पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार वाजवले असते तर ते कसे वाजले असते, या कुतूहलातून फ्रिप त्या काळात काम करत होता. या अल्बममध्ये त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते, पण ते फ्रिपपेक्षा म्यूरमुळे सापडते असे मला वाटते.

म्यूर हा मुळात एडिंबरोचा, मुक्त उत्स्फूर्त वादनाच्या वर्तुळातून आलेला माणूस. त्याच्या भोवती कालिंबा (अंगठ्यांनी वाजवायचे आफ्रिकी वाद्य), घंटा, गाँग, पत्रे, साखळ्या आणि खेळण्यातली वाद्ये यांचा पसारा मांडलेला असे. अल्बमच्या नावाचे शब्दही त्याचेच. संचात तो जेमतेम काही महिने राहिला. फेब्रुवारी १९७३ मध्ये, अल्बम बाजारात येण्याच्याही आधी, त्याने वाद्यवृंद सोडला आणि स्कॉटलंडमधल्या साम्ये लिंग या तिबेटी बौद्ध मठाचा रस्ता धरला. ब्रुफर्डने पुढे अनेकदा सांगितले आहे की वादक संगीतासाठी असतो, संगीत वादकासाठी नसते, हे त्याला म्यूरने शिकवले. आपल्याकडच्या कोणत्याही गुरूच्या तोंडी शोभेल असे हे वाक्य, पण ते नकली रक्ताच्या गोळ्या चावत आणि केसाळ कातडे पांघरून मंचावर धावणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेले आहे. जाता जाता आणखी एक गोष्ट: मार्च १९७३ मध्ये ब्रुफर्डच्या लग्नाच्या मेजवानीत याच म्यूरने येसचा गायक जॉन अँडरसनला परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचायला सुचवले, आणि त्यातल्या श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्र यांच्याबद्दलच्या एका तळटीपेवरून येसने चार लांबलचक रचनांचा जोड-अल्बम रचला. त्या अल्बमविषयी न बोललेलेच बरे.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळतो. ही आवृत्ती मी मुद्दाम एकट्याने ऐकली नाही. टिळकवाडीतल्या एका स्नेह्यांच्या वरच्या खोलीत, बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरांवर, निरनिराळ्या संस्कारांच्या मंडळींसमोर ती लावली. त्यांत पेटी शिकवून निवृत्त झालेले एक सर होते, गणपतीत ताशा वाजवणारा एक तरुण होता, इंजिनिअरिंगला असलेला आणि मेटलवर जीव टाकणारा स्नेह्यांचा पुतण्या होता, आणि शेजारचे कन्नड भाषिक वकीलही होते, जे नाट्यगीतांचे शौकीन आहेत.

पहिली रचना ‘लार्क्स टंग्ज इन ऍस्पिक, पार्ट वन’ साडेतेरा मिनिटांहून थोडी अधिक आहे. तिची सुरुवात म्यूरच्या कालिंबाने आणि धातूच्या किणकिणाटाने होते, आणि जवळपास तीन मिनिटे त्याखेरीज फारसे काही घडत नाही. या तीन मिनिटांत खोलीतली अस्वस्थता वाढत गेली. सरांनी घड्याळ पाहिले आणि शेवटी त्यांनी विचारले, ‘‘अहो, हे सुरू कधी होणार ओ?’’ त्यांच्या प्रश्नात थट्टा नव्हती. ख्यालाच्या आलापीत गायक काहीच करत नाही असे नवख्याला वाटते, पण जाणकाराला माहीत असते की षड्ज लागला आहे आणि त्याच्याभोवती एकेक स्वराची जागा मोजली जाते आहे. इथे असा षड्ज लागलेला नसतो. नुसते नाद एकमेकांजवळ येत आणि दूर जात असतात. मग व्हायोलिनचे तुटक, धारदार फटकारे हळूहळू वर येऊ लागतात, एकाच स्वराभोवती ताण वाढत जातो, आणि तो असह्य होण्याच्या बेतात असताना गिटार, बास आणि दोन्ही तालवादक एकदम कोसळतात. पुतण्या जागच्या जागी ताठ झाला. हाच तुकडा त्याने आधी मोबाइलवर ऐकला होता, पण सुरुवात ऐकूच न आल्यामुळे पुढे सरकवला होता. साहजिकच, कोसळण्याआधी चढण नसेल तर कोसळण्याला अर्थ उरत नाही.

याच रचनेत पुढे एक जागा आहे जी मला आजही पटत नाही. वेगवान गिटारचा आणि बासचा भाग संपतो आणि सगळे थांबून क्रॉसचे व्हायोलिन एकटे, अगदी हळुवारपणे वाजू लागते. तुकडा सुंदर आहे, पण तो आधीच्या भागातून निघालेला नाही, शेजारी आणून ठेवलेला आहे. सरांचा आक्षेपही इथेच सर्वांत धारदार होता. ते म्हणाले, यात बसायला जागा नाही; प्रत्येक वेळी वाटते की आता समेवर येतील, आणि ते दुसऱ्याच घरात शिरतात. या आक्षेपाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की रचनेच्या शेवटी माणसांच्या पुटपुटण्याचे आवाज आणि व्हायोलिन यांच्यातून जो शेवटचा चढ येतो, त्याने या विस्कळीतपणाची थोडीफार भरपाई होते.

मधल्या तीन गाण्यांवर फार थांबण्याचे कारण नाही. शब्द रिचर्ड पामर-जेम्स यांचे आहेत. ‘बुक ऑफ सॅटर्डे’ तीन मिनिटांच्या आतले, उलट्या फिरवलेल्या गिटारने सजलेले, गोड आणि विसरण्याजोगे. ‘ईझी मनी’ला चाहते डोक्यावर घेतात, मला त्यातला उपरोध ओढूनताणून आणलेला वाटतो, आणि शेवटी वाजणारे म्यूरचे हसणारे खेळणे मात्र प्रत्येक वेळी दचकवते. या तिघांत उजवे ठरते ते ‘एक्झाइल्स’. त्याच्या आरंभी बराच वेळ घुमणारे, आकार नसलेले नाद आहेत, आणि त्यांतून व्हायोलिनची चाल वर आली की वेटनचा आवाज तिच्या मागून येतो. कवितेतल्या परदेशी एकटेपणापेक्षा त्या चालीतले एकटेपण अधिक खरे आहे. वकीलसाहेबांना संध्याकाळभरात आवडले ते हेच गाणे. ‘‘छलो ऐती,’’ ते म्हणाले, आणि ते पुन्हा लावायला सांगितले.

खरा अल्बम त्यानंतर सुरू होतो. ‘द टॉकिंग ड्रम’ आणि ‘लार्क्स टंग्ज इन ऍस्पिक, पार्ट टू’ या दोन रचना वेगळ्या नावांच्या असल्या तरी एकच समजून ऐकाव्यात, कारण पहिली जिथे किंचाळत संपते तिथे दुसरी त्याच श्वासात सुरू होते. दोन्ही मिळून सुमारे पंधरा मिनिटे होतात, आणि ही आवृत्ती विकत घ्यायची असेल तर या पंधरा मिनिटांसाठी घ्यावी.

‘द टॉकिंग ड्रम’ सुरू होते तेव्हा ते सुरू झाले आहे हे कळतही नाही. वाऱ्यासारखे काहीतरी, मग बोटांनी वाजवलेल्या चामड्याचे पुटपुटणे. मग वेटनच्या बासवर एक छोटीशी ओळ येते, आणि ती येते ती शेवटपर्यंत थांबत नाही. सर इथे पहिल्यांदा पुढे सरकून बसले. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला पेटीवर लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी सुरांची ओळ, धरण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, पं. रामभाऊ विजापुरे यांच्या पेटीचा दरारा ज्या पिढीने अनुभवला, त्या पिढीतले ते आहेत, आणि लेहरा धरणे म्हणजे स्वतः न हलता दुसऱ्याला हलू देणे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बासची ही ओळ म्हणजे लेहराच आहे, असे त्यांनी आपणहून सांगितले. फरक फक्त एवढा की आपल्या लेहऱ्याचा आवाज जिथल्या तिथे राहतो आणि वरचे वादन वाढत जाते, तर इथे लेहराच श्वास भरत मोठा होतो आणि व्हायोलिन, गिटार व दोघे तालवादक त्याच्याबरोबर फुगत जातात. क्रॉसच्या व्हायोलिनमध्ये पूर्वेकडच्या सुरावटींचा भास होतो. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही, आणि त्याचे नाव कोणत्या रागाशी जोडावे अशी खटपटही सरांनी केली नाही. महत्त्वाचे आहे ते हे की सात-साडेसात मिनिटे एकही वादक स्वतःसाठी वाजवत नाही. ब्रुफर्डला मिळालेला धडा इथे ऐकू येतो.

मिरवणुकीशी या रचनेचे नाते ताशावाल्या तरुणाने सांगितले, आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटले. त्याचे म्हणणे असे की चांगल्या पथकात पहिल्या चौकात कोणी हात सोडून वाजवत नाही. आधी ठेका बसू द्यायचा, झांजा एकमेकींना सापडू द्यायच्या, मग गल्ली अरुंद झाली की आवाज आपोआप वाढतो, आणि अखेरच्या वळणावर सगळे मोकळे सुटतात. जो आधीच सुटतो त्याला पथकात पुढच्या वर्षी घेत नाहीत. ‘द टॉकिंग ड्रम’ ऐकून त्याने डोळे मिटले, आणि शेवटच्या किंचाळीनंतर ‘पार्ट टू’चा पहिला घाव बसला तेव्हा उघडले.

‘पार्ट टू’ ही एकट्या फ्रिपची रचना आहे, आणि ती आल्यावर सगळा मोकळेपणा संपून शिस्त सुरू होते. सुरुवातीचे गिटारचे जड, घाव घालणारे आवर्तन दहाच्या हिशेबात चालते. सरांनी बोटांवर मोजून दहा मात्रा सांगितल्या आणि लगेच पुढे म्हटले की दहा असल्या तरी हा झपताल नव्हे. त्यांचे बरोबर होते. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे पडतात आणि त्यामुळे तो डोलतो. इथे जोर तीन-तीन-दोन-दोन असा पडतो, म्हणजे आधी दोन मोठी पावले आणि मग दोन छोटी, त्यामुळे आवर्तन डोलण्याऐवजी अडखळून पुढे ढकलले जाते. पुढे हा हिशेबही बदलत जातो. ताशावाल्याने मांडीवर त्याला साथ करण्याचा प्रयत्न केला, चुकला, हसला, आणि पुढच्या आवर्तनाला पकडले. मेटल ऐकणाऱ्या मुलाला हा प्रकार ओळखीचा वाटला, आणि वाटणारच. नंतरच्या पिढ्यांतल्या कित्येक जड आणि तिरक्या तालांच्या वाद्यवृंदांनी याच रचनेचे मीठ खाल्ले आहे. पण त्याला मी एवढेच दाखवले की या रचनेतले शांत भाग गाळले तर जड भाग नुसते जड उरतात.

विस्कळीतपणाच्या आक्षेपाकडे थोडे परत येतो, कारण तो या भागातल्या श्रोत्याने केला आहे आणि त्याला वजन आहे. बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी ख्यालाची मांडणी हलवली, तेव्हा हा ख्याल नव्हे असे म्हणणारे जाणकार थोडे नव्हते. आज त्याच मातीतल्या घरांत त्यांच्या ध्वनिमुद्रिका जपून ठेवलेल्या आहेत. म्हणून नवे ते सगळे मोठे, असा निष्कर्ष मी काढत नाही. कुमारांच्या गाण्यात तोडमोड करणाऱ्याला रागाचा आधार शेवटपर्यंत सुटलेला नव्हता, आणि किंग क्रिमसनच्या पहिल्या रचनेत तो आधार मधूनमधून सुटतो. ‘द टॉकिंग ड्रम’मध्ये बासची ओळ तोच आधार पुरवते, म्हणूनच सर तिथे बसले आणि पहिल्या रचनेत उठू पाहत होते. हा भेद त्यांच्यामुळे स्पष्ट झाला. परदेशी समीक्षेत मला तो या शब्दांत कुठे वाचायला मिळाला नव्हता.

आवृत्तीच्या तांत्रिक बाजूविषयी. विल्सन यांच्या मिश्रणात म्यूरची भांडी, घंटा आणि साखळ्या आपापल्या जागी वेगळ्या उभ्या राहतात, आणि पहिल्या रचनेची सुरुवात त्यामुळे कितीतरी अधिक सुसह्य होते. ‘पार्ट टू’मध्ये मात्र जुन्या मिश्रणाचा धुरकट जडपणा मला अधिक भावतो, स्वच्छता वाढली तशी तिथली धमक किंचित कमी झाली. डीव्हीडीवर मूळ मिश्रणही दिलेले असल्यामुळे ज्याला तुलना करायची त्याला सोय आहे, आणि ज्यांच्याकडे पाच स्पीकरांची यंत्रणा आहे त्यांच्यासाठी सभोवती ऐकण्याचे मिश्रणही आहे. आमच्याकडे ती यंत्रणा नव्हती. त्याखेरीज जर्मनीतल्या ब्रेमेन इथे ‘बीट क्लब’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी १९७२ मध्ये झालेले चित्रीकरण डीव्हीडीवर आहे, आणि ते पाहिल्याशिवाय म्यूर कळत नाही: चारही जण जागेवर खिळलेले, आणि हा एकटा आपल्या पसाऱ्यात इकडून तिकडे, कशाला तरी हात लावायचे राहून गेले आहे अशा घाईत.

अल्बम निघाला तेव्हा ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत तो विसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि अमेरिकेत एकसष्टाव्या. म्हणजे तो दुर्लक्षितही राहिला नाही आणि लोकप्रियही झाला नाही. ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी २०१९ पासून किंग क्रिमसनचे संगीत स्ट्रीमिंगवर आहे, आधी ते जवळजवळ नव्हतेच. पण इयरफोन लावून बसमधून खानापूर किंवा निपाणीला जाताना हा अल्बम ऐकण्याचा उद्योग करू नये, कारण इंजिनाच्या घरघरीत त्यातला निम्मा भाग बुडतो. पत्र्याच्या छपराखाली, आपल्याकडच्या पावसात तर अजिबात नको. याच संचाची मिळतील तेवढी ध्वनिमुद्रणे असलेली पंधरा डिस्कची पेटीही २०१२ मध्ये निघाली होती; ती संशोधकांसाठी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांचा दर्जा पाहता शौकिनाने तिच्या वाटेला जाऊ नये. दोन डिस्कची जोडी पुरेशी आहे.

ज्यांना गाण्यात मुखडा हवा, शब्द हवे, त्यांनी घेऊ नये. ‘एक्झाइल्स’ एवढ्यासाठी ती महाग पडेल. ज्यांना तबल्याचे स्वतंत्र वादन मन लावून ऐकता येते, पथकात वाजवण्याचा अनुभव आहे, किंवा जड संगीताची आवड असून ते कुठून आले हे पाहायचे आहे, त्यांनी जरूर घ्यावी. ऐकताना एकच पथ्य पाळावे: ‘द टॉकिंग ड्रम’च्या सुरुवातीला काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नये. आम्ही वाढवला नव्हता, तरीही ‘पार्ट टू’ सुरू होताच खालच्या मजल्यावरच्या आजी काय पडले ते बघायला वर आल्या.